एक माल, दोन नोंदी

सीमा ओलांडणाऱ्या मालाची नोंद दोनदा होते. निघताना एका देशाच्या कस्टम्सकडे, पोचताना दुसऱ्या देशाच्या. माल तोच, कंटेनर तोच, आतल्या खोक्यांची संख्याही तीच. पण नोंद करणारी माणसं वेगळी, यंत्रणा वेगळी आणि घोषणापत्र भरणाऱ्याचा स्वार्थही वेगळा. निर्यातीवर सहसा कर नसतो, त्यामुळे पाठवणाऱ्याला आपल्या देशात किंमत दडवायचं फारसं कारण नसतं. आयातीवर कर असतो, म्हणून घेणाऱ्याला ते असतं. या दोन नोंदी शेजारी ठेवून त्यांची रुजवात घातली, की खोटेपणा कुठून शिरतो याचा अंदाज येतो, आणि तो कस्टम्सला निव्वळ स्वतःच्या दप्तरातून कधीच येत नाही. व्यापाराच्या आकडेवारीत याला मिरर डेटाची तुलना म्हणतात. ती कुठे सल्लागारांच्या एखाद्या अहवालापुरती होते, कुठे अभ्यासकांच्या शोधनिबंधापुरती. माझ्या मते ती प्रत्येक सीमाशुल्क खात्याचं नेहमीचं, महिन्याच्या महिन्याला होणारं, घरच्याच माणसांनी करायचं काम असायला हवी.

मोठ्या बंदरात दिवसाला हजारो कंटेनर उतरतात. ते सगळे उघडून बघणं शक्य नाही, आणि शक्य असतं तरी ते करू नये, कारण थांबलेल्या प्रत्येक कंटेनरचा खर्च शेवटी माल वापरणाऱ्याच्या खिशातून जातो. म्हणून जगभरच्या कस्टम्सनी जोखीम व्यवस्थापनाचा मार्ग धरला. जागतिक सीमाशुल्क संघटनेचा सुधारित क्योटो करार २००६ मध्ये लागू झाला, त्यात हे तत्त्व आहे. २२ फेब्रुवारी २०१७ पासून लागू झालेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरण कराराच्या सातव्या कलमातही ते आहे. अंक्टाड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकासविषयक संस्थेची असायकुडा ही संगणक प्रणाली शंभरावर देशांत वापरली जाते. तिच्यात घोषणापत्र आलं की ते चारपैकी एका रंगाच्या मार्गावर जातं: हिरवा म्हणजे थेट सुटका, पिवळा म्हणजे कागद तपासा, लाल म्हणजे माल उघडा, निळा म्हणजे आत्ता सोडा आणि नंतर ऑडिट करा. कुणाला कोणता रंग द्यायचा हे निकष ठरवतात.

आणि हे निकष येतात कुठून? बहुतेक ठिकाणी खात्याच्या स्वतःच्या इतिहासातून. अमुक आयातदार पूर्वी पकडला गेला होता, तमुक देशातून येणाऱ्या मालात मागच्या वर्षी गडबड सापडली होती, अमक्या दलालाची प्रकरणं वारंवार अडकतात. यात गैर काही नाही, पण यात एक खोल खोट आहे. जिथे कधी पाहिलंच नाही तिथे काही सापडलेलंही नसतं, आणि जिथे काही सापडलेलं नाही तो भाग यंत्राच्या लेखी निर्धोक ठरतो. मग तिथे पुढेही कुणी पाहत नाही. ज्या आयातदाराचं वर्षानुवर्षं कुणाशी तरी संगनमत आहे, त्याची नोंद सर्वांत स्वच्छ असते. हल्ली या कामाला मशीन लर्निंग जोडलं जातं. त्याने गती वाढते, पण शिकायला दिलेला इतिहासच एकांगी असेल तर यंत्र तोच एकांगीपणा अधिक आत्मविश्वासाने परत करतं. या चक्रातून बाहेर पडायला बाहेरचा साक्षीदार लागतो. पाठवणाऱ्या देशाची नोंद हा असा साक्षीदार आहे, आणि त्याची साक्ष बऱ्याच अंशी फुकट मिळते.

प्रत्यक्षात हे कसं चालतं ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. सीमाशुल्कासाठी मालाची वर्गवारी एचएस, म्हणजे हार्मोनाइज्ड सिस्टम, या क्रमांकांच्या पद्धतीने होते. १ जानेवारी १९८८ पासून ती लागू आहे आणि दोनशेहून अधिक देश व आर्थिक प्रदेश ती वापरतात. पहिले सहा अंक सगळीकडे सारखे असल्यामुळेच दोन देशांचे आकडे शेजारी ठेवता येतात. पादत्राणं या वर्गवारीच्या ६४ व्या प्रकरणात येतात. वरचा भाग चामड्याचा असेल तर शीर्ष क्रमांक ६४०३, रबर किंवा प्लास्टिकचा असेल तर ६४०२. समजा आयात करणाऱ्या देशात चामड्याच्या पादत्राणांवर कर जास्त आहे. पाठवणारा देश सांगतो, वर्षभरात ६४०३ खाली १,००० टन पाठवले आणि ६४०२ खाली २,०००. घेणाऱ्या देशाच्या नोंदीत पहिल्या शीर्षाखाली ६०० टन आहेत आणि दुसऱ्याखाली २,३८०. पहिलीकडे ४०० टनांची तूट, दुसरीकडे ३८० टनांची वाढ. दोन्हींची बेरीज केली तर ३,००० आणि २,९८०, म्हणजे जवळपास जुळते. माल चोरवाटेने आलेला नाही, तो सगळा राजरोस बंदरातूनच आला. बदललं ते फक्त त्याचं नाव.

आता दुसरी शक्यता घ्या. वजनं दोन्हीकडे जुळतात, पण पाठवणाऱ्याच्या नोंदीत एका किलोची सरासरी किंमत २० डॉलर आणि घेणाऱ्याच्या नोंदीत ८ डॉलर. इथे मालाचं नाव खरं आहे, किंमत खोटी आहे. तिसरी शक्यता अशी, की वजनच गायब आहे आणि शेजारच्या कुठल्याही शीर्षाखाली ते उगवलेलं नाही. मग तो माल एक तर नोंद न होता आत शिरला, किंवा दुसऱ्या देशात जाणारा म्हणून दाखवून वाटेत उतरवला गेला, किंवा तो खरोखरच तिसऱ्या देशात गेला आणि पाठवणाऱ्याने मुक्कामाचं ठिकाण चुकीचं लिहिलं.

या तिन्ही तफावतींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि माझ्या मते या पद्धतीचं खरं मोल इथे आहे. पहिल्या प्रकारात कंटेनर उघडायला हवा; बूट हातात घेऊन पाहिला की तो चामड्याचा की प्लास्टिकचा हे कळतं. दुसऱ्या प्रकारात कंटेनर उघडून काहीच हाती लागत नाही. खोक्यात बूटच असतात, संख्या बरोबर असते, अधिकारी सही करतो आणि माल सुटतो. तिथे शोधायला हवेत मूळ इनव्हॉइस, बँकेतून गेलेले पैसे, विक्रीची पुस्तकं, आणि ते काम माल सुटल्यावर कंपनीच्या कार्यालयात जाऊन करायचं असतं. तिसऱ्या प्रकारात पुढच्या देशात जाणाऱ्या मालाचे कागद आणि बाँडेड, म्हणजे कर भरायचा बाकी असलेला माल ठेवायच्या, गोदामांचा साठा तपासायला हवा. म्हणजे ही तफावत फक्त ‘इथे पाणी मुरतंय’ एवढं सांगून थांबत नाही, माणूस कुठे पाठवायचा, गोदीवर, गोदामात की हिशेबाच्या पुस्तकांकडे, हेही सांगते. लाल मार्गावर टाकून सरसकट माल उघडणाऱ्या खात्यांनी याचा विचार करावा. किंमत दडवणारा आयातदार कंटेनर उघडायला कधीच हरकत घेत नाही.

ही कल्पना नवी नाही. अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांनी १९६४ मध्ये तुर्कस्तानच्या आयातीतल्या कमी किमतीच्या इनव्हॉइसचा मागोवा भागीदार देशांच्या आकड्यांवरूनच घेतला होता. रेमंड फिस्मन आणि शांग-जिन वेई यांनी २००४ मध्ये हाँगकाँगने चीनला पाठवलेला म्हणून नोंदलेला माल आणि चीनने हाँगकाँगकडून घेतलेला म्हणून नोंदलेला माल यांची वस्तूगणिक तुलना केली. कराचा दर एक टक्का-बिंदूने जास्त असेल तर करचुकवेगिरी सुमारे ३ टक्क्यांनी जास्त, असं त्यांना दिसलं. शिवाय जास्त कराच्या शीर्षाखालून हरवलेला माल मिळत्याजुळत्या पण कमी कराच्या शीर्षाखाली सापडत होता, म्हणजे वरच्या बुटांच्या उदाहरणातलीच गोष्ट. त्यानंतर बिआटा यावोर्चिक आणि गाया नार्चीसो यांनी जर्मनीतून पूर्व युरोपातल्या १० देशांत जाणारा माल तपासला. ज्या वस्तूंची किंमत बाजारभावावरून पटकन ताडता येत नाही, त्या वस्तूंमध्ये कर वाढला की तफावत अधिक वाढते, असं त्यांच्या २००८ मधल्या अभ्यासात दिसतं. गहू किंवा तांबं यांचा भाव सगळ्यांना ठाऊक असतो. यंत्राचा सुटा भाग किंवा ब्रँडेड कपडा यांचा भाव कोण सांगणार? जोखमीचे निकष ठरवणाऱ्याला हे एवढं एकच वाक्य महिनोन्महिने पुरेल.

मग सगळे देश हे का करत नाहीत? आळस हे एक कारण आहे, पण प्रामाणिक कारणंही आहेत. तफावत म्हणजे लबाडी, असं समीकरण मांडणाऱ्यांनीच या पद्धतीचं सर्वाधिक नुकसान केलं आहे.

२०१६ मध्ये अंक्टाडने प्रसिद्ध केलेला एक अहवाल गाजला. २००० ते २०१४ या काळात दक्षिण आफ्रिकेतून झालेल्या सोन्याच्या निर्यातीपैकी सुमारे ६७ टक्क्यांची खरी नोंद झालेली नाही, असं त्यात म्हटलं होतं. आकडा अब्जावधी डॉलरचा होता, मथळे झाले. मग जाणकारांनी दाखवून दिलं, की दक्षिण आफ्रिकेच्या आकडेवारीत सोन्याची बरीचशी निर्यात कोणत्या देशाला गेली याच्या तपशिलाशिवाय, एकत्रित नोंदली जात होती. घेणाऱ्या देशांच्या नोंदीत मात्र ती देशवार दिसत होती. तफावत खरी होती, तिचा अर्थ चुकीचा लावला होता. अहवालाची सुधारित आवृत्ती काढावी लागली. साप म्हणून भुई धोपटली गेली, आणि त्यानंतर अशी तुलना करू पाहणाऱ्या प्रत्येकाला आधी हा प्रसंग ऐकवला जातो. त्याच अहवालातली झांबियाच्या तांब्याची गोष्टही अशीच बोलकी. झांबियाच्या नोंदीत तांबं मोठ्या प्रमाणावर स्वित्झर्लंडला जाताना दिसतं, स्वित्झर्लंडच्या आयातीत ते दिसत नाही. कारण विकत घेणाऱ्या व्यापारी कंपन्यांची कार्यालयं तिथे आहेत. तांबं त्या डोंगरांत कधी पोचतच नाही, ते जहाजाने भलतीकडेच जातं.

अशी निर्दोष कारणं पुष्कळ आहेत. निर्यातीची किंमत जहाजावर माल चढेपर्यंतची धरतात, म्हणजे एफओबी. आयातीच्या किमतीत वाहतूक आणि विमा मिळवतात, म्हणजे सीआयएफ. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आपल्या आकडेवारीत हा फरक बराच काळ सरसकट १० टक्के धरत असे, नंतर तो ६ टक्क्यांवर आणला. पण समुद्रकिनारा नसलेल्या देशासाठी तो याहून कितीतरी जास्त असू शकतो आणि हलक्या, महागड्या मालासाठी नगण्य. डिसेंबरात निघालेला माल जानेवारीत पोचतो, म्हणून वर्षाचे आकडे हलतात. पाठवणारा देश माल जिथे जाणार आहे असं त्याला माहीत आहे तो देश लिहितो, घेणारा देश माल जिथे तयार झाला तो देश लिहितो. त्यामुळे रॉटरडॅम किंवा हाँगकाँगसारख्या ठिकाणावरून पुढे जाणारा माल एका वहीत एकाच्या नावावर आणि दुसऱ्या वहीत दुसऱ्याच्या नावावर पडतो. एचएसची आवृत्ती दर काही वर्षांनी बदलते. एक देश नव्या आवृत्तीवर गेलेला आणि दुसरा जुन्यावरच असेल, तर बिचारी वस्तू दोघांच्या मध्ये हरवते. मुक्त व्यापार क्षेत्रातला माल काही देश मोजतात, काही मोजत नाहीत.

अमेरिका आणि चीन यांच्या आकड्यांकडे बघा. अनेक वर्षं अमेरिकेच्या नोंदीतली चीनकडून झालेली आयात चीनच्या नोंदीतल्या निर्यातीपेक्षा खूप मोठी असे, कारण बराच माल हाँगकाँगमार्गे जायचा. २०१८ पासून अमेरिकेने चिनी मालावर नवे कर बसवले, आणि २०२० पासून चित्र उलटलं: आता चीनचा निर्यातीचा आकडा मोठा आणि अमेरिकेचा आयातीचा लहान. यात करचुकवेगिरी आहेच. पण ८०० डॉलरपर्यंतची पार्सलं करमुक्त येत आणि आयातीच्या आकडेवारीत धरली जात नसत, हेही आहे. आणि निर्यातदारांना परत मिळणाऱ्या करात चीनने केलेले बदलही आहेत. कशाचा वाटा किती यावर अर्थतज्ज्ञांचं एकमत नाही. पण एक गोष्ट कुणी नाकारत नाही: कराचं धोरण बदललं की तफावत हलते.

आणि हीच कामाची गोष्ट आहे. तफावत किती आहे यापेक्षा ती कधी बदलली हे पाहा. वाहतुकीचा खर्च, मार्गातली मध्यस्थ बंदरं, नोंदीच्या पद्धती यांतून निघणारी तफावत वर्षानुवर्षं साधारण तशीच राहते. कर वाढला त्या तिमाहीत ती अचानक फुगली, किंवा एका देशाकडची तूट वाढली आणि त्याच वस्तूची शेजारच्या देशाकडून होणारी आयात तेवढ्याच टनांनी वाढली, तर मात्र अधिकाऱ्याने उठून बसावं. वजन आधी पाहावं, किंमत नंतर, कारण वजनाला विनिमय दर आणि विमा लागत नाही. सहा अंकांच्या पातळीवर पाहावं आणि शेजारची शीर्षं सोबत घेऊन पाहावं. देशाच्या एकूण तफावतीचा अब्जावधींचा आकडा वर्तमानपत्राच्या मथळ्याला शोभतो. गोदीवरच्या अधिकाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

कायद्याची मर्यादाही इथे स्पष्ट सांगायला हवी, कारण महसुलाच्या घाईत ती नेहमी विसरली जाते. जागतिक व्यापार संघटनेच्या मूल्यांकन करारानुसार कराचा आधार हा त्या व्यवहारात प्रत्यक्ष दिलेली किंवा द्यायची किंमत असतो. किमान किंमत ठरवून तिच्यावर कर लावायला त्या करारात मनाई आहे. म्हणून ‘पाठवणाऱ्या देशाची सरासरी २० डॉलर आहे, तेव्हा तुमचेही २० डॉलर’ असं म्हणण्याचा अधिकार कस्टम्सला नाही. सरासरीखाली खरेदी करणारा प्रामाणिक व्यापारी असतोच. हंगाम संपताना उरलेला माल स्वस्तात मिळतो, मोठ्या ऑर्डरला सवलत मिळते. सरासरीचा दंडुका चालवला की सुक्याबरोबर ओलंही जळतं. घोषित किमतीच्या खरेपणाबद्दल शंका घेऊन कागद मागण्याचा अधिकार मात्र त्याच करारात आहे, आणि समाधान झालं नाही तर ती किंमत नाकारून कराराने सांगितलेल्या पुढच्या पद्धतींकडे जाताही येतं. तफावतीने प्रश्न विचारावा, उत्तर मात्र त्या व्यवहाराच्या पुराव्यातूनच यावं. ही शिस्त पाळणाऱ्या खात्याला न्यायालयात मान खाली घालावी लागत नाही.

प्रश्नच न विचारण्याची किंमत तेव्हा युरोपीय संघात असलेल्या ब्रिटनने मोजली. चीनमधून येणारे कपडे आणि पादत्राणं अविश्वसनीय वाटाव्या इतक्या कमी किमतीला घोषित होत होती. युरोपीय संघाच्या फसवणूकविरोधी कार्यालयाने, म्हणजे ओलाफने, सदस्य देशांच्या आयात किमतींची सरासरी काढली आणि तिच्या निम्म्याखाली येणारी घोषणापत्रं सुटकेआधी तपासावीत, असा निकष सदस्य देशांना सुचवला. काही देशांनी असे निकष लावले, तसा हा ओघ ब्रिटनकडे वळला. ब्रिटनला वारंवार सूचना देऊनही तिथे ते वेळेत लागले नाहीत. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. ८ मार्च २०२२ च्या निकालात न्यायालयाने ब्रिटनने आपली जबाबदारी पाळली नाही असं ठरवलं. नुकसानीची युरोपीय आयोगाने केलेली आकडेमोड मात्र जशीच्या तशी मान्य केली नाही. मला या निकालाचे दोन्ही भाग महत्त्वाचे वाटतात. आकड्यांची तुलना हे धोक्याची घंटा म्हणून पुरेसं कारण आहे, ती ऐकू आल्यावर हातावर हात ठेवून बसणं हा दोष आहे. पण त्याच तुलनेवरून नुकसानीचा नेमका आकडा काढायला गेलं की तिची मर्यादा लागते.

आता अवघड भागाकडे येतो. समजा तफावत सापडली, कारणं चाळून झाली, उरलेली शीर्षं लाल मार्गावर टाकली, आणि तपासणीत काहीच सापडलं नाही. पुढच्या महिन्यातही नाही. तफावत मात्र जागच्या जागी. याचा अर्थ पद्धत चुकली असा निघू शकतो. दुसराही निघतो, की कुंपणच शेत खातंय.

मादागास्करच्या तोआमासिना या मुख्य बंदरात हा प्रश्न संशोधकांनी मुळापासून तपासला. कुठलं घोषणापत्र कुठल्या निरीक्षकाकडे जाणार हे नियमाप्रमाणे संगणकाने विनाक्रम ठरवायचं होतं. प्रत्यक्षात काही घोषणापत्रं ठरावीक निरीक्षकांकडेच जात होती, आणि योगायोगाने होईल त्याहून कितीतरी जास्त वेळा. ती घोषणापत्रं करचुकवेगिरीच्या दृष्टीने अधिक जोखमीची होती, तरी त्यांच्यात गैरप्रकार आढळल्याची नोंद कमी होती आणि ती सुटतही लवकर होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार त्यातून बुडालेला कर एकूण वसुलीच्या सुमारे ३ टक्के होता, आणि तो मूठभर निरीक्षक व दलाल यांच्याभोवती एकवटलेला होता. निरीक्षक नेमण्याचं काम बाहेरच्या संस्थेकडे दिल्यावर ही वाट बंद झाली, आणि थोड्याच काळात हेराफेरीची नवी वाट निघाली.

म्हणून माझा आग्रह असा, की भागीदार देशाशी केलेल्या तुलनेचे निष्कर्ष फक्त निरीक्षकांच्या हाती देऊन थांबू नये. कुठल्या शीर्षाखाली किती तफावत होती, ते किती वेळा तपासलं गेलं, कुणी तपासलं आणि काय सापडलं, हा तक्ता निरीक्षणाच्या साखळीबाहेरच्या माणसासमोर जायला हवा. मोठी तफावत असलेल्या मालात एखाद्याला वर्षभर काहीच सापडत नसेल तर तो त्याच्याविरुद्धचा पुरावा नव्हे, पण त्याच मालाची काही खेप दुसऱ्याकडून, आधी न सांगता पुन्हा तपासण्याचं ते पुरेसं कारण आहे. हिरव्या मार्गावरचीही थोडी घोषणापत्रं केवळ चिठ्ठी टाकून निवडली पाहिजेत. नाही तर निकष चुकले आहेत हे कधी कळणारच नाही. ‘काही सापडलं नाही’ हा शेरा खात्याच्या दप्तरात कमअस्सल मानला जातो, पण निकष सुधारायला तोही पकडलेल्या प्रकरणाइतकाच लागतो.

तुलनेला लागणारी दुसरी बाजू, म्हणजे निर्यातीची नोंद, बहुतेक देशांत सावत्र लेकरासारखी वाढते. तिथे कर नाही, म्हणून कुणी तपासत नाही. वजनाच्या रकान्यात काहीही भरलेलं असतं, जाण्याच्या देशाच्या रकान्यात पहिलं बंदर. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि जे देश निसर्गसंपत्ती विकतात त्यांचं तर यात स्वतःचंच नुकसान आहे. रॉयटर्सच्या २०१९ मधल्या शोधानुसार संयुक्त अरब अमिरातीने २०१६ या एका वर्षात आफ्रिकेतून १५.१ अब्ज डॉलरचं सोनं आयात केल्याची नोंद होती, आणि त्यातलं बरंचसं आफ्रिकी देशांच्या निर्यातीत दिसत नव्हतं. दक्षिण आफ्रिकेचा धडा लक्षात ठेवूनही, ज्या देशांच्या नोंदीत सोन्याची निर्यात जवळजवळ शून्य आहे आणि समोरच्या देशाच्या नोंदीत टनावारी आयात, त्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारायलाच हवा. रॉयल्टी त्यांचीच बुडते आहे.

यापुढची पायरी म्हणजे आकड्यांऐवजी घोषणापत्रांची देवाणघेवाण. प्रसिद्ध आकडेवारी काही महिन्यांनी मिळते, आणि तिच्यात कंपनीचं नाव नसतं. तिने शीर्ष कळतं, खेप कळत नाही. पाठवणाऱ्या देशाचं निर्यात घोषणापत्र घेणाऱ्या देशाला कंटेनर क्रमांकासह मिळालं, तर रुजवात खेपेच्या पातळीवर, माल बंदरात असतानाच घालता येईल. हे स्वप्नरंजन नाही. अमेरिका आणि कॅनडा १९९० पासून एकमेकांच्या आयातीच्या नोंदी आपल्या निर्यातीची आकडेवारी म्हणून वापरतात. दोघांनाही कळलं होतं, की आपल्या निर्यातीपेक्षा समोरच्याची आयात नीट मोजली जाते. युरोपीय संघाच्या सदस्य देशांत आपापसातल्या निर्यातीची कंपनीनिहाय माहिती सांख्यिकीसाठी एकमेकांना देणं २०२२ पासून सक्तीचं आहे. हे सगळं आकडेवारीसाठी झालं, कर वसुलीसाठी नाही. पण परस्परांवर एवढा विश्वास टाकता येतो, एवढं त्यातून सिद्ध होतं.

याला हरकत येते गोपनीयतेची, आणि ती रास्त आहे. कुठला व्यापारी कुणाकडून काय भावाने घेतो हे प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडलं तर त्याचा धंदा बुडू शकतो. व्यापार सुलभीकरण कराराच्या बाराव्या कलमात माहितीच्या देवाणघेवाणीची सोय आहे, पण ती प्रकरणागणिक: आधी आपल्या पातळीवर पडताळणी करा, शंकेचं कारण सांगा, मग विशिष्ट घोषणापत्राबद्दल विचारा. यातच वेळ जातो. माझ्या मते दोन देशांनी आपापसात करार करून किंमत सोडून बाकीचे रकाने, म्हणजे कंटेनर क्रमांक, एचएस शीर्ष, वजन, नग आणि जाण्याचा देश, आपोआप पाठवायला सुरुवात करावी. नावातली हेराफेरी आणि गायब होणारा माल एवढ्यानेच उघडा पडतो. किंमत विचारायची तर आजच्यासारखीच, कारण देऊन, एकेका प्रकरणापुरती. गुपित जपलं जातं आणि काम अडत नाही.

लहान देश म्हणतात, आमच्याकडे माणसं नाहीत. पहिल्या टप्प्याला फार माणसं लागतच नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड या भांडारात देशोदेशींची वस्तूवार आकडेवारी आहे, आपली नोंद आपल्याच सर्व्हरवर आहे, आणि ज्याला वर्गवारी कळते असा एक अधिकारी व ज्याला आकडे हाताळता येतात असा एक सहकारी सुरुवातीला पुरतात. पहिली यादी निर्दोष तफावतींनीच भरलेली असेल. ती चाळायला काही महिने जातील, आणि त्या कारणांची टिपणं जपून ठेवली तर पुढचं वर्ष सोपं जाईल. हे काम बाहेरच्या सल्लागाराला दिलं की ही टिपणं त्याच्याबरोबर निघून जातात, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मग अर्थमंत्र्यांना संसदेत वसुलीच्या एकूण आकड्यापलीकडचा एक प्रश्न विचारता येईल: मागच्या वर्षी ज्या वीस शीर्षांखाली सर्वांत मोठी आणि समाधानकारक कारण न मिळालेली तफावत होती ती कोणती, त्यांतल्या प्रत्येकाचं काय केलं, आणि यंदा ती किती उरली?